हे कशाचे चित्र?

पुण्याच्या शनिवार पेठेतील शनिवारवाडा पाहावयास आलेला मनुष्य दिल्ली दरवाजातून आत शिरला, म्हणजे प्रथम थोडा निराश होतो. १७३२ साली बांधून झालेला हा वाडा १८२८ सालच्या आगीत जळाला. आत आता जोती, पायऱ्या आणि कारंजी एवढेच उरले आहे. परंतु तटावर चढून खाली पाहिले, की तीच जोती निराळी दिसू लागतात. चौकांचे चौकोन आणि दालनांच्या सरळ रेषा एकमेकींशी कशा जुळल्या आहेत, हे ध्यानात येते. वाड्याचे रूप गेले. त्याची रचना मात्र राहिली. आगीने जे अजाणता केले, तेच अमूर्त चित्र काढणारा कलावंत जाणूनबुजून करतो. वस्तूचे दिसणे तो सोडून देतो आणि तिच्यातील रेषा, रंग, आकार व त्यांचा मेळ तेवढा राखतो.

अशा चित्रासमोर उभे राहिलेला मनुष्य बहुधा एकच प्रश्न विचारतो, "हे कशाचे चित्र?" उत्तर मिळाले नाही, की तो म्हणतो, "असे तर लहान मूलही काढील!" हा निकाल घाईचा आहे. दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढली, तर ती कशाची आहे, असे कोणी विचारीत नाही. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे शनिवार पेठेच्या परिसरातील रमणबागेच्या मैदानावर भरत असे. तेथे हजारो श्रोते आलाप ऐकताना तल्लीन होत. आलापात ना गोष्ट असते, ना कोणाचे वर्णन. तरी तो मनाला भिडतो. कानाला जी मोकळीक आपण आनंदाने देतो, ती डोळ्याला का देऊ नये?

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १९२४ साली नागपुरास झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील शिक्षण त्यांनी १९४८ साली पूर्ण केले. माणसांची चित्रे त्यांना उत्तम काढता येत. भारतीय लघुचित्रांचाही त्यांनी अभ्यास केला होता. म्हणजे वस्तू हुबेहूब काढता येत नव्हती, म्हणून ते अमूर्ताकडे वळले असे नव्हे. रूळ आणि रंग पसरण्याची सुरी घेऊन ते रंगाचा थर चढवीत आणि काही ठिकाणी तो पुन्हा उचलून काढीत. त्यासाठी कागदाचे फाटके तुकडेही ते ओल्या रंगावर ठेवीत. प्रत्यक्ष रंग लावण्यापूर्वी ते दीर्घकाळ चिंतन करीत. त्यामुळे वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. ज्या कामात इतका संयम आहे, त्याला फराटे म्हणणे योग्य नव्हे. २००१ साली ते निवर्तले. पुढे २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

शिल्पाची गोष्टही अशीच आहे. रुमानियात जन्मलेल्या ब्रांकुशी या शिल्पकाराने पक्षी घडविला. पण त्याला पंख दिले नाहीत, पिसे दिली नाहीत. वर निमुळता होत गेलेला एक झळझळीत आकार, एवढेच ते शिल्प. १९२६ साली ते अमेरिकेत नेले, तेव्हा जकातीच्या अधिकाऱ्यांनी त्याची गणना स्वयंपाकाच्या भांड्यांसारख्या धातूच्या वस्तूंत करून त्यावर कर बसविला! वाद न्यायालयात गेला आणि ही कलाकृतीच आहे, असा निर्णय १९२८ साली झाला. याच शिल्पकाराकडून इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी असे तीन पक्षी घेतले. त्यांच्यासाठी इंदुरास एक मंदिर उभारण्याचे त्यांनी योजिले होते. ते मात्र झाले नाही. अधिकाऱ्यांनी पक्ष्याचे पंख शोधले. महाराजांना त्याची झेप दिसली.

याचा अर्थ प्रत्येक अमूर्त चित्र थोर असते, असा नाही. हुबेहूब चित्रांत जशी चांगली आणि वाईट असतात, तशीच यांतही असतात. पाहूनही एखादे चित्र आवडले नाही, तर तसे म्हणण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. मात्र तो अधिकार नीट पाहणाऱ्याचा आहे, पाठ फिरविणाऱ्याचा नव्हे. चित्र काय दाखविते, एवढेच विचारून थांबू नये. चित्रकाराने काय सोडले, काय राखले आणि राखलेल्याचा एकमेकांशी मेळ कसा बसविला, हे पाहावे.

शाळेतही आंबा आंब्यासारखा काढता यावा, हे खरेच. त्यावाचून हात तयार होत नाही. परंतु एखाद्या मुलाने आंब्याऐवजी त्याचा नुसता पिवळा गोडवा कागदावर उतरविला, तर "हे काय काढलेस?" म्हणून त्याला हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ज्याला समजत नाही त्याच्यापुढेही आदराने उभे राहता येते, त्याचीच दृष्टी वाढते.