खोड एक, विशेषणं अनेक

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं म्हणून मराठी माणूस मोकळा होतो. पण ती खोड नेमकी कशी, हे सांगायची वेळ आली की त्याच्याकडे शब्दांची वानवा नसते. चोर सराईत असतो, दारुडा अट्टल असतो, राजकारणी मुरलेला असतो आणि शिक्षक हाडाचा असतो. ‘सराईत शिक्षक’ म्हटलं तर ऐकणारा हसेल.

इंग्रजीतही असंच आहे. हॅबिच्युअल, क्रॉनिक, इन्व्हेटरेट, कन्फर्म्ड, हार्डन्ड हे सगळे जुन्या सवयीबद्दलचेच शब्द. छोट्या शब्दकोशात त्यांचे अर्थ जवळपास सारखेच दिसतात आणि कोणताही उचलला तरी चालेल, असा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येकाचा रोख वेगळा आहे.

‘हॅबिच्युअल’ फक्त वारंवारता सांगतो. रोजची ठरलेली खुर्ची हॅबिच्युअल असू शकते आणि रोजचं खोटं बोलणंही. सवय चांगली की वाईट, सुटणारी की न सुटणारी, यावर तो काही बोलत नाही.

‘क्रॉनिक’चं मूळ ग्रीक ‘क्रोनॉस’, म्हणजे काळ. डॉक्टरांनी ‘क्रॉनिक’ म्हटलं की घरच्यांचा धीर सुटतो, कारण त्यांना तो ‘गंभीर’ या अर्थाचा शब्द वाटतो. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की दुखणं दीर्घकाळ चालणारं आहे. मधुमेह क्रॉनिक, तर अचानक आलेला हृदयविकाराचा झटका ‘अ‍ॅक्यूट’. तातडीचा धोका अनेकदा दुसऱ्यातच जास्त असतो. हा शब्द सवयीला लावला की आजाराची छटा सोबत येते. क्रॉनिक खोटारडा म्हणजे खोटं बोलणं हे ज्याचं जुनाट दुखणंच होऊन बसलं आहे असा माणूस.

‘इन्व्हेटरेट’ लॅटिन ‘वेटुस’वरून आला. वेटुस म्हणजे जुना. ‘व्हेटरन’ हा आदराचा शब्दही त्याच घराण्यातला. वर्षानुवर्षं मुरत गेलेली सवय म्हणजे इन्व्हेटरेट. मराठीतला ‘मुरलेला’ त्याच्या सर्वांत जवळचा. जुगारी इन्व्हेटरेट असतो, तसा प्रवासाची हौस असलेलाही. त्यामुळे हा शब्द कौतुकानंही वापरता येतो.

‘कन्फर्म्ड’ समजायला रेल्वेचं तिकीट पुरेसं आहे. वेटिंग संपलं, आता बदल नाही! कन्फर्म्ड बॅचलर म्हणजे ज्याच्या लग्नाची आशा नातेवाइकांनीही सोडली आहे असा गृहस्थ. इथे सवयीपेक्षा निश्चय मोठा.

‘हार्डन्ड’ मात्र सरळ दोष देतो. मन दगड झालं, लाज उरली नाही, असा त्याचा सूर. मराठीत निर्ढावलेला. गुन्हेगार हार्डन्ड असतो. पहाटे फिरायला जाणाऱ्याला कुणी तसं म्हणणार नाही.

‘इनग्रेन्ड’ची कथा गमतीची आहे. युरोपात पूर्वी एका किड्यापासून पक्का लाल रंग करत. वाळलेले किडे धान्याच्या दाण्यांसारखे दिसत, म्हणून त्या रंगालाच ‘ग्रेन’ म्हणू लागले. धुतलं तरी न जाणारा रंग, तशी अंगात भिनलेली सवय म्हणजे इनग्रेन्ड. हा शब्द सहसा सवयीला किंवा समजुतीला लावतात, माणसाला नाही.

हे फरक केवळ परीक्षेतल्या दोन गुणांपुरते नाहीत. ब्रिटिश सरकारनं 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला, तेव्हा त्यात ‘अ‍ॅडिक्टेड’ हा शब्द घातला. अमुक जमात गुन्हे करण्याला ‘अ‍ॅडिक्टेड’ आहे असं सरकारला वाटलं, की ती गुन्हेगार ठरवता येई. या शब्दाचं मूळही बोलकं आहे. रोममध्ये कर्ज न फेडणाऱ्याला न्यायाधीश सावकाराच्या हवाली करत. असा हवाली केलेला माणूस म्हणजे ‘अ‍ॅडिक्टस’. एका विशेषणाच्या आधारे पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींतली मुलं जन्मतःच संशयित ठरली. सोलापूरची सेटलमेंट ही त्याच कायद्यानं उभी केलेली वसाहत.

1952 साली तो कायदा रद्द झाला. त्याच्या जागी राज्याराज्यांत ‘हॅबिच्युअल ऑफेंडर्स’चे कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा 1959 चा. आता आधार होता त्या व्यक्तीला झालेल्या शिक्षांचा, जमातीचा नव्हे. ‘अ‍ॅडिक्टेड’ जाऊन ‘हॅबिच्युअल’ आला, म्हणजे स्वभावावरचा ठपका जाऊन मोजणी आली. कागदावर हा फरक फार मोठा आहे. विमुक्तांच्या वाट्याला आलेला संशय मात्र त्यानं पुसला गेला नाही.

कामगारांनाही या शब्दाचा अनुभव आहे. कारखान्यांसाठी 1946 साली केलेल्या केंद्रीय नियमांतल्या नमुना स्थायी आदेशांत ‘हॅबिच्युअल’ उशिरा येणं हे गैरवर्तन मानलं होतं. एक-दोनदा लोकल चुकणं वेगळं आणि हे वेगळं. म्हणून अशा तक्रारींत आधी हजेरीपटावरच्या नोंदी मोजाव्या लागतात.

डॉक्टरांनीही आपली भाषा तपासली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं 1964 साली ‘अ‍ॅडिक्शन’ऐवजी ‘डिपेन्डन्स’, म्हणजे अवलंबन, हा शब्द सुचवला. अवलंबन म्हटलं की उपचाराचा विचार आधी येतो.

तेव्हा इंग्रजीत कुणाच्या सवयीबद्दल लिहायचं असेल, तर आधी स्वतःला विचारावं: आपल्याला काय सांगायचं आहे? पुन्हा पुन्हा घडतं, एवढंच असेल तर हॅबिच्युअल. दीर्घकाळ चाललं आहे, तर क्रॉनिक. मुरलं आहे, तर इन्व्हेटरेट. ठाम ठरलेलं आहे, तर कन्फर्म्ड. आणि माणसाला खरोखरच लाज उरलेली नाही अशी खात्री असेल, तरच हार्डन्ड. हाताखालच्या माणसाच्या गोपनीय अहवालात मात्र यातलं एकही विशेषण न वापरता ‘महिन्यात सहा वेळा उशिरा आला’ असं लिहिलं, तर ते अधिक स्पष्ट होतं आणि त्या माणसाला उत्तरही देता येतं.