सिस्टर, गोळी तुम्हीच लिहून द्याल का?

रात्री कधी एखाद्या सरकारी दवाखान्यात पेशंटसोबत थांबला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नक्की लक्षात आली असेल. ताप चढला, सलाईन संपलं, धाप लागली की आपली पहिली हाक असते ‘सिस्टर!’ ती येते, बघते, आणि काय करायला हवं ते बऱ्याचदा तिला कळलेलंही असतं. पण औषध लिहायचा अधिकार तिला नाही. मग डॉक्टरांना फोन, तोंडी ऑर्डर आणि सकाळी कागदावर त्यांची सही. म्हणजे काम तिचं, अधिकार दुसऱ्याचा आणि काही चुकलं तर पहिलं बोट पुन्हा तिच्याकडेच!

वरचं शिक्षण घेतलेल्या नर्सला स्वतंत्रपणे पेशंट तपासू द्यावेत का, ठरावीक औषधं लिहू द्यावीत का? अमेरिकेत ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम १९६५मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. आज तिथल्या निम्म्याहून जास्त राज्यांत त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करता येतं. २०००मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कमधला एक अभ्यास छापून आला. तेराशेहून जास्त पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले. काही डॉक्टरांकडे, काही नर्स प्रॅक्टिशनरकडे. सहा महिन्यांनी दोन्हीकडच्या पेशंटची तब्येत जवळपास सारखीच होती.

‘ते अमेरिकेत चालतं हो,’ असं म्हणाल, तर आपलं गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झाला तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायलासुद्धा. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. या तर नर्सही नव्हत्या. पण काम नेमकं ठरवलेलं होतं, प्रशिक्षण पक्कं होतं आणि प्रत्येक मृत्यूची नोंद होत होती.

आपलं सरकारी धोरण मात्र अर्ध्या वाटेवर थांबलंय. २०१८मध्ये केंद्रानं मिडवाइफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दीड वर्षाचं प्रशिक्षण आखलं. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२मध्ये ‘सामुदायिक आरोग्य सेवकां’ना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशननं देशभर संप केला. २०२३मध्ये नर्सिंगचा नवा कायदाही झाला. तरी रात्रपाळीतल्या सिस्टरचा फोन काही सुटलेला नाही.

डॉक्टरांचा एक आक्षेप रास्त आहे. शहराला डॉक्टर आणि गावाला ‘स्वस्तातला पर्याय’ अशी वाटणी व्हायला नको. म्हणूनच ही सोय फक्त दुर्गम भागापुरती नको. जी नर्स गडचिरोलीत बीपीची गोळी लिहू शकते, ती पुण्यातही लिहू शकली पाहिजे. तेवढा विश्वास नसेल, तर गावातही नको.

धोरण तपासायला चार प्रश्न पुरेत. प्रशिक्षण किती आणि कुठे? कुठली औषधं, कुठले आजार, याची यादी आहे का? केस हाताबाहेर गेली तर पुढे पाठवायची सोय, म्हणजे ॲम्ब्युलन्स आणि फोन उचलणारा डॉक्टर, आहे का? आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे कागदावर आहे का? चारांची उत्तरं असतील तर अधिकार द्या. नसतील तर आधी ती शोधा. नुसतं नवं पदनाम देऊन काही होत नाही.

तुमच्यातले कितीतरी जण आज नर्सिंग कॉलेजात आहेत. ‘पुढे शिकून काय मिळणार?’ हा प्रश्न तुम्हाला घरीदारी ऐकावा लागतो. उत्तर फक्त पगारात नाही. शिकलेलं स्वतःच्या सहीनं वापरता यावं, यातही ते आहे. तेव्हा पुढच्या वेळी उमेदवार मत मागायला दारात आला, की दवाखान्याच्या इमारतीबद्दल विचाराच. पण त्या इमारतीत रात्री दोन वाजता निर्णय कोण घेणार, हेही विचारा.