समृद्धीसाठी घेऊ नका

जालन्याच्या स्टीलवाल्यांच्या घरातली तरुण मुलं अलीकडे एकच गोष्ट विचारतात : "सर, दोन सीटची घ्यावी का? मिड-इंजिन, पेट्रोल?" आणि लगेच कारणही पुरवतात, "आता समृद्धी महामार्ग दारात आहे ना!" माझं उत्तर असं की जरूर घ्या, पण समृद्धीसाठी घेऊ नका.

या गाडीचं इंजिन सीटच्या पाठीमागे, पण मागच्या ॲक्सलच्या पुढे असतं. गाडीवानाला यातलं मर्म सांगावं लागत नाही. कडब्याचा भार मागे गेला की बैलगाडी उलाळ होते, पुढे आला की बैलांच्या मानेवर बसतो. तो मधोमध असला की गाडी बोटावर वळते. मिड-इंजिन गाडीची सगळी कमाई अशी वळणावर आहे. समृद्धीवर वळण कुठे आहे? जालन्याबाहेर निधोन्याजवळ चढलात की स्टिअरिंग जवळपास सरळ धरून बसायचं. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटरची असली तरी कारला मुभा १२० ची, आणि तेवढं तर घरातली डिझेल एसयूव्हीसुद्धा मुकाट्याने पळते. त्यापेक्षा पहाटे कन्नडच्या औट्रम घाटात जा. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली जड वाहतूक बंद झाली. मात्र ऐन वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढू नका. हलकं वळणारी गाडी गरकन फिरतेही.

आता पैशांचं. १०० टक्के आयात शुल्क गेलं, असं २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर अनेकांनी आनंदाने सांगितलं. प्रत्यक्षात ४० हजार डॉलरवरच्या गाडीला ७० टक्के शुल्क आणि वर ४० टक्के कृषी उपकर लागला. बेरीज ११०. त्यावर सप्टेंबर २०२५ पासूनचा ४० टक्के जीएसटी. म्हणजे बंदरावर एक कोटीला उतरलेली गाडी दोन कोटी ९४ लाखांची होते. मग आरटीओ. आयात केलेल्या गाडीला सरसकट २० टक्के कर आणि त्याची कमाल मर्यादाही आता २० ऐवजी ३० लाख झाली आहे.

हे शुल्क कुणाला सोडत नाही. सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, ती हीच जात : दोन सीट, पाठीमागे व्ही-८. शुल्क १ कोटी १३ लाख. सरकारने माफ केलं, बोंब झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी पैसे गाडी भेट देणाऱ्या फियाटनेच भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या व्यापाऱ्याकडे गेली.

जालन्याची अडचण मात्र वेगळीच आहे. गावाला सोन्याचा पाळणा म्हणतात, पण पाळण्यावर दुपटं कायम पांघरलेलं. साठ किलोमीटरवरच्या औरंगाबादकरांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि गाजावाजा केला. जालन्यात असं कधी व्हायचं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये इथे आयकराचे छापे पडले, ५६ कोटींच्या वर रोकड निघाली, आणि अधिकारी आले ते लग्नाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून! वरातीवर इथे कोण संशय घेणार? अशा गावात जमिनीला चिकटून गुरगुरत जाणारी गाडी लपणार नाही. ती एमएच २१ ची पाटी लावून मिरवायची हिंमत असेल आणि हिशेब चोख असेल, तरच पुढे वाचा.

मी नवी घ्यायला सांगणार नाही. पोर्शेने पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. बॉक्स्टर आणि केमन या त्यातल्या दोन्ही गाड्या माझ्या मते या वर्गातल्या सगळ्यांत समजूतदार. पुढे एक, मागे एक अशा दोन डिक्क्याही आहेत. भाऊबीजेची ओवाळणी घेऊन बहिणीकडे जाता येतं, भाचरं तेवढी घेता येत नाहीत. चांगली वापरलेली मिळाली तर तीच घ्या. सर्व्हिसला ट्रकवर लादून बहुतेक मुंबईच गाठावी लागेल, तो खर्च किमतीत धरा.

"आपली अवंती?" असंही कुणीतरी विचारतंच. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत कार डिझायनर दिलीप छाब्रियांनी दाखवलेली, पुण्यात बनलेली मिड-इंजिन गाडी. रेनॉचं दोन लिटर टर्बो पेट्रोल, सुमारे अडीचशे अश्वशक्ती, किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. कल्पना धाडसी होती, तिचं मला आजही कौतुक आहे. पण डिसेंबर २०२० मध्ये छाब्रियांना मुंबई पोलिसांनी अटक केली. एकाच चॅसिस नंबरवर दोन नोंदण्या आणि एकाच गाडीवर अनेक कर्जं, असे आरोप होते. म्हणून जुनी अवंती बघताना आधी वाकून चॅसिस नंबर वाचा, आरसी आणि बँकेच्या ना-हरकतीशी जुळवा, मगच मागचं इंजिनचं झाकण उघडा.

आणि कुठलीही घेतलीत तरी इसार देण्याआधी गाडी आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावरून नेऊन बघा. विकणारा नको म्हणाला, तर व्यवहार तिथेच सोडा.