इंग्रजीसाठी मराठी सोडू नका

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की नुकतेच भारतातून टोरंटोत आलेले पालक मराठी मंडळात एक प्रश्न हमखास विचारतात : मुलाचे इंग्रजी सुधारायचे तर घरी मराठी बोलणे बंद करावे का? कुणाला शेजाऱ्यांनी तसे सुचवलेले असते, कुणाला वर्गशिक्षकांनी. आमचे उत्तर स्पष्ट आहे : मुळीच बंद करू नका.

हे केवळ मायबोलीच्या प्रेमापोटी नाही. या प्रश्नावरचे मोलाचे संशोधन आपल्या टोरंटोतच झाले आहे. भाषाशिक्षणाचे संशोधक जिम कमिन्स यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की बाहेरून आलेली मुले मैदानावरचे, दोस्तांशी गप्पा मारण्याचे इंग्रजी साधारण दोन वर्षांत उचलतात. पण धडा समजून घ्यायला, निबंध लिहायला, विज्ञानातले कारण मांडायला जे इंग्रजी लागते, त्यात वर्गाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे जातात. गफलत इथेच होते. मूल फाडफाड बोलते, तरी मार्क कमी पडतात, आणि ठपका घरच्या मराठीवर येतो.

या वर्षांत मुलाचा विचार थांबून चालत नाही. तो आधीच ज्या भाषेत चालतो, ती घरात हवीच. कमिन्स यांनी त्यासाठी हिमनगाचे चित्र वापरले : पाण्यावर दोन भाषांची दोन शिखरे दिसतात, खाली विचारांचा पाया एकच. पुण्यात अपूर्णांक शिकून आलेल्या मुलीला इथे फक्त इंग्रजी शब्द शिकायचे असतात, अपूर्णांक पुन्हा शिकायचे नसतात. त्याही आधी, १९६२ मध्ये, पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी माँट्रियलमधली दहा वर्षांची मुले तपासली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुले बुद्धिमापन चाचण्यांत एकभाषिक मुलांच्या पुढे होती.

मग घरची भाषा बाजूला ठेवण्याचा सल्ला येतो कुठून? इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावे, हा आग्रह इंग्रजी अध्यापनावरील १९६१ च्या युगांडातील मेकेरेरे परिषदेने बळकट केला. भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये या आग्रहाला उघडपणे भ्रम म्हटले. आपल्या आधीच्या पिढ्या तर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन, मराठीच्याच आधाराने इंग्रजी शिकल्या.

मात्र एका भाषेने दुसरीला आधार द्यावा, हाच न्याय आपल्या शनिवारच्या मराठी शाळेलाही लावायला हवा. वर्गात इंग्रजी शब्द आला की मुलाला अडवायचे, ही पद्धत आम्हाला पटत नाही. अडलेला शब्द इंग्रजीत सांगून का होईना, मुलाला वाक्य पुरे करू द्यावे. मराठी शब्द मागाहून देता येतो. मिसिसॉगातल्या थॉर्नवूड शाळेत मुलांनी घरची भाषा आणि इंग्रजी अशा दोन्हींत गोष्टींची पुस्तके लिहिली. यंदा आपल्याकडेही तिसरीपासूनची मुले तशी पुस्तके करणार आहेत. पालकांनी, विशेषतः इथे आलेल्या आजी-आजोबांनी, मराठी मजकुरासाठी मुलांसोबत बसावे. चुका खोडून स्वतः लिहून देऊ नये, आणि इंग्रजी पान मुलाने आपल्या शाळेतल्या शिक्षकांनाही दाखवावे.