हार बॉनेटला, गंज बुडाला

वाचकहो, दसऱ्याला आपण घरोघरच्या मोटारी धुतल्या, पुसल्या, त्यांना झेंडूचे हार घातले. आता पाडव्याला कित्येकांच्या दारात नवी मोटार येईल. ऐन सणात कोणाच्या आनंदावर विरजण घालावे, असा माझा मुळीच हेतू नाही. पण मोटारीची पूजा आपण समोरून करतो आणि मोटार मरते ती खालून! त्या खालच्या बाजूविषयी पुरोहित बोलत नाही, विक्रेता तर नाहीच नाही. मग मास्तराने बोलायचे!

"लोखंड म्हटले की गंजायचेच," हे कारखानदारांचे जुने पालुपद. अहो, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक आहे! लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो. पाण्यात मीठ असले की तो दौडत येतो. पण लोखंडावर जस्ताचा लेप दिला की गंज थोपवता येतो, हेही त्याच पोराला ठाऊक असते. न्हाणीघरातली पत्र्याची बादली रात्रंदिवस भिजूनही वर्षानुवर्षे टिकते, ती कशाच्या जोरावर? बादलीला जे साधते, ते लाखांच्या मोटारीला का साधू नये? साधते की! जर्मनीच्या पोर्शे कारखान्याने १९७५ च्या सुमारास आपल्या ९११ गाडीसाठी जस्त चढवलेला पत्रा वापरायला घेतला. त्याला अर्धे शतक लोटले. सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने लेप बसवणे, पोकळ भागांत मेण फवारणे, पाणी निघून जायला भोके ठेवणे, ही सारी विद्या कारखान्यांच्या घरी पाणी भरते. ती कुठे वापरायची आणि कुठे पैसे वाचवायचे, हे ठरवणारा मात्र गिऱ्हाईक नसतो.

दुसरे पालुपद असे, की "मालकाने निगा राखली नाही." यात थोडे तथ्य आहे, ते आपण मान्य करू. दारावरचा ओरखडा गंजला, सायलेन्सर सडला, तर ते मालकाने पाहावे. पण ज्या सांगाड्यावर इंजिन बसते, चाके तोलली जातात आणि टक्कर झाल्यास आपली हाडे वाचतात, तो पोकळ पेटीसारखा बंद असतो. चिखल आत शिरतो, भोके बुजतात, ओल कोंडते आणि पत्रा आतून बाहेर खाल्ला जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत भगदाड पडलेले असते. जिथे मालकाची नजर पोचत नाही, तिथे त्याची निगा कशी पोचावी? पेटी बंद करणारा कारखानदार, आणि चोर कोण, तर मालक! वडाची साल पिंपळाला लावायची, ती आणखी कशी?

हे माझे कल्पनेचे तारे नव्हेत. १९८० साली इंग्लंडात लान्चिया बीटा गाडीचा, इंजिन पेलणारा सांगाडाच सडू लागला आणि कंपनीला विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. तिथे फोर्ड विंडस्टार गाडीचा मागचा आस गंजून मोडू लागला, तेव्हा २०१० साली त्या गाड्या दुरुस्तीसाठी माघारी बोलवाव्या लागल्या. टोयोटाच्या टॅकोमा गाडीचे तर रामायण झाले. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० च्या गाड्यांच्या सांगाड्याची हमी पंधरा वर्षांवर नेली. पुढे २०१६ मध्ये नंतरच्या सुमारे १५ लाख गाड्यांसाठी कोर्टात तडजोड झाली. तिची किंमत ३४० कोटी डॉलरांपर्यंत जाईल, असा अंदाज होता. दोष कबूल न करता हे झाले, हे विशेष! 'आमचा दोष नाही' म्हणत कोट्यवधी डॉलरांची तयारी ठेवणारा धर्मराज दुसऱ्या कुठल्या पुराणात आहे?

आता आपल्याकडे या. आपल्याकडे बर्फ नाही. पण मालवण-रत्नागिरीच्या वाऱ्यात मीठ आहे आणि चार महिने पाऊस आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या माघारी बोलावण्याचा अधिकार सरकारला दिला. फार चांगले केले! पण २०२१ साली जे नियम आले, त्यांत मर्यादा घातली सात वर्षांची. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची! अमेरिकेने ही फुकट दुरुस्तीची मुदत २०१५ मध्ये दहावरून पंधरावर नेली. आपण सातावर थांबलो. गंज तर बहुधा सातानंतरच तोंड उघडतो. म्हणजे रोग दिसू लागला की वैद्याने दार लावून घ्यायचे!

याची झळ कोणाला बसते? नवी गाडी घेणारा पाच-सहा वर्षांत ती विकून मोकळा होतो. दहा वर्षांची गाडी घेतो तो कारकून, छोटा दुकानदार, पोटासाठी गाडी हाकणारा गरीब ड्रायव्हर. लांबी भरून वर चकचकीत रंग दिलेला पत्रा त्याच्या गळ्यात पडतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्याच गाडीत तो बायकापोरांना बसवून देवदर्शनाला नेतो.

म्हणून मागणे दोनच आहेत. जितकी वर्षे नोंदणी, तितकी वर्षे सांगाड्याची जबाबदारी कारखान्याची. आणि खाजगी गाडीचे पोट पंधराव्या वर्षाची वाट न पाहता मधूनमधून सरकारी तपासनिसाने खालून वाकून पाहावे. कायदा होईल तेव्हा होवो. यंदा पाडव्याला गाडी घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे. रंग कोणता, गाणी कशी वाजतात, हे विचारून झाले की विक्रेत्याला विचारावे, "सांगाडा गंजून भोक पडले तर किती वर्षे तुम्ही जबाबदार? कागदावर लिहून द्या." तो पेढा पुढे करील. पेढा अवश्य घ्यावा, पण कागद मिळाल्यावर!