खांबावरच्या कॅमेऱ्याला काय दिसायला हवं? रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
अलिबाग



मी कर्जत तालुक्यात कळंबला राहतो. गेली चौदा वर्षं सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करत शिडी घेऊन हिंडतो. पत्र आपल्या नावाने जाहीरपणे लिहितोय, कारण शाळा, दवाखाने, ग्रामपंचायती यांनी मागितलेल्या कॅमेऱ्यांचा बराचसा निधी जिल्हा नियोजनातून येतो आणि त्या समितीचे सदस्य सचिव आपण आहात. कागदावर कोणता शब्द लिहायचा, हे आपल्याकडे ठरू शकतं. माझं सगळं म्हणणं त्या एका शब्दाबद्दल आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावात दूध घालणाऱ्या पोराची मोटारसायकल रात्री नाक्यावरून चोरीला गेली. नाक्यावर खांब होता, खांबावर कॅमेरा होता, तो चालूही होता. पाच मेगापिक्सेलचा. फुटेज काढायला मला बोलावलं. दोघं जण गाडी ढकलत नेताना दिसले, तिसरा आपल्या गाडीवर पुढे. त्या पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटच्या जागी पांढरा ठिपका. पोरगा मागे उभा राहून म्हणत होता, “दादा, जरा झूम करा ना.” मी केलं. ठिपका मोठा झाला, एवढंच. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? गाडी अजून मिळालेली नाही. हप्ते तो भरतोय.

आडात का नव्हतं, ते सांगतो. पाच मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी साधारण २५९२ पिक्सेल असते. त्या कॅमेऱ्याला २.८ मिलिमीटरची लेन्स होती, म्हणजे सगळा नाका एका चौकटीत मावावा अशी. पंधरा मीटरवर ती लेन्स सुमारे ३५ मीटर रुंदीचा पट्टा बघते. भागाकार केला तर एका मीटरच्या वाट्याला ७४ पिक्सेल आले. मोटारसायकलची मागची नंबरप्लेट २० सेंटिमीटर रुंद असते. तिला मिळाले पंधराएक पिक्सेल, आणि वरच्या ओळीतल्या ‘एमएच ४६’पासूनच्या सहा अक्षरांना प्रत्येकी अडीच. अडीच ठिपक्यांत कुठलंही अक्षर उमटत नाही.

त्याच खांबावर दोनच मेगापिक्सेलचा कॅमेरा १२ मिलिमीटरची लेन्स लावून रस्त्याकडे रोखला असता, तर त्याने पंधरा मीटरवर सातएक मीटर रुंदी बघितली असती. १९२० भागिले सात, म्हणजे मीटरला पावणेतीनशे पिक्सेल. प्लेटला पन्नासच्या वर. स्वस्तातला कॅमेरा जवळपास चौपट कामाचा ठरला असता. नाका सगळा दिसला नसता हे खरं. त्यासाठी शेजारी दुसरा साधा कॅमेरा लावायचा.

म्हणून माझी विनंती अशी की मागणीपत्रात आणि निविदेत नुसता ‘मेगापिक्सेल’ हा शब्द नको. त्याच्या जागी ‘इतक्या अंतरावर एका मीटरला इतके पिक्सेल’ असं लिहायला लावा. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याच्या पायऱ्या दिल्या होत्या. मीटरला २५ पिक्सेल असतील तर कोणीतरी आलंय एवढं कळतं. ६२ असतील तर तो काय करतोय, कपडे कसे आहेत हे कळतं. १२५ ला गावातला ओळखीचा माणूस ओळखू येतो. आणि कधी न पाहिलेल्या माणसाची ओळख निःसंशय पटवायची, तर २५० लागतात. रिझोल्युशन किती घ्यायचं, ते यातलं कोणतं उत्तर हवं आणि जागा किती रुंद, यावरून आपोआप निघतं.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासनाने शाळांमध्ये सीसीटीव्ही बंधनकारक करणारा निर्णय काढला. बदलापूर आम्हाला लोकलच्या वाटेवरचं गाव आहे. त्या आठवड्यात आमच्या वाड्यांवरच्या आयांनी पोरींना शाळेत पोचवायला स्वतः जायला सुरुवात केली होती. कॅमेरे हवेतच, पण शाळेत एकाच जातीचे आठ कॅमेरे लावून भागत नाही. फाटक तीन-चार मीटर रुंद. तिथे येणाऱ्या अनोळखी माणसाचा चेहरा पटला पाहिजे, आणि तिथे नीट रोखलेला दोन मेगापिक्सेल पुरून उरतो. मैदानावर काय चाललंय एवढंच बघायचंय. दोन मेगापिक्सेल तीस मीटर रुंदीपर्यंत ते काम करतो. वर्गांपुढचा व्हरांडा लांब आणि अरुंद असतो. आडव्या चौकटीत निम्मं चित्र भिंतींचंच येतं. तिथे कॅमेरा नव्वद अंशांत फिरवून सेटिंगमध्ये ‘कॉरिडॉर मोड’ चालू करायचा. पैसा लागत नाही, फक्त पाच मिनिटं जास्त शिडीवर उभं राहावं लागतं. आश्रमशाळेच्या वसतिगृहाबाबत माझं मत कडक आहे. दारावर चेहरा ओळखणारा कॅमेरा असू दे, पण मुली जिथे झोपतात, कपडे बदलतात, तिथे कमी-जास्त कसलंच रिझोल्युशन नको.

जास्त घेतलं तर बिघडलं काय, असं मला सरपंचांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे विचारतात. दोन गोष्टी बिघडतात. पहिली हार्डडिस्क. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिटने रेकॉर्डिंग करत असेल तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा दिवस पुरते. तेच चार कॅमेरे आठ मेगापिक्सेलचे, सेकंदाला आठ मेगाबिटवाले घेतले, तर डिस्क तीन दिवसांच्या आत भरते आणि जुन्यावर नवं लिहू लागते. लहान मूल घरी येऊन त्याच दिवशी सगळं सांगतं असं नाही. चौथ्या दिवशी ते बोललं, तर तोवर फुटेज पुसलेलं असतं. पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या निकालात अठरा महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवायला सांगितलं होतं, यावरून साठवणुकीला किती महत्त्व आहे ते दिसतं. म्हणून निविदेत ‘किती दिवस’ हेही लिहायला हवं.

दुसरी गोष्ट रात्रीची. सेन्सर तेवढाच ठेवून पिक्सेल चौपट केले की प्रत्येक पिक्सेल चौथाई होतो. पागोळीखाली घागर ठेवण्याऐवजी वाट्या मांडल्यासारखं ते आहे. पाऊस तेवढाच, पण एकेका वाटीत पडतं थोडं. दिवसा ऊन मुबलक असतं तेव्हा फरक जाणवत नाही. रात्री दिवे गेलेल्या रस्त्यावर आठ मेगापिक्सेलचं चित्र मुंग्या लागल्यासारखं दिसतं. मग कॅमेरा उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाचा पंचविसावा भाग म्हटलं तर काहीच नाही, पण ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल तेवढ्यात ४४ सेंटिमीटर पुढे जाते, म्हणजे नंबरप्लेटच्या दुप्पट. अक्षरं पुसलीच. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर आणलं तर गाडी दोन सेंटिमीटरच सरकते, पण मग उजेड बाहेरून पुरवावा लागतो.

त्यात आमचा पाऊस. कर्जतचा पाऊस आपल्याला सांगायला नको. कॅमेऱ्याच्या तोंडाशीच असलेल्या आयआर (इन्फ्रारेड) दिव्यांनी आषाढात समोरचे थेंब उजळतात, पाखरं जमतात, त्यांच्यामागे कोळी येऊन जाळं विणतो आणि सकाळी पडद्यावर सगळं पांढरं. आयआरचा दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन हात लांब, वेगळ्या आडव्या पट्टीवर लावला की हा त्रास निम्म्याहून कमी होतो. मला विचाराल तर पाचाऐवजी दोन मेगापिक्सेल घ्या आणि उरलेल्या पैशांत तो दिवा घ्या, शक्य असेल तर रस्त्याचा बल्बच बदला.

योग्य निवड कशी असते ते बघायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागणार नाही. खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा चालू आहे. तिथल्या कमानींखालून गेलं की वर बघा. नंबर वाचणारा कॅमेरा अख्खा रस्ता बघत नाही, आपल्यापुरती मार्गिका बघतो. अरुंद चौकट, जलद शटर, सोबत स्वतःचा उजेड. म्हणून शंभरच्या वेगातली गाडीही त्याला वाचता येते.

याच्या अगदी उलट टोकाचं काम नदीवर आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, ते सगळ्या देशाने पाहिलं. ते पाणी आमच्याकडून खाली गेलेलं. पोश्री नदीवर किंवा उल्हासवर पुलाच्या खांबाला मीटर-सेंटिमीटरची पट्टी रंगवून त्यावर एक कॅमेरा रोखायचा, तर एक मेगापिक्सेलसुद्धा चालतो. उभा धरलेला १२८० पिक्सेलचा कॅमेरा सहा मीटरची पट्टी बघताना मीटरला दोनशेच्या वर पिक्सेल देतो. दहा सेंटिमीटर उंचीचा आकडा स्वच्छ वाचता येतो. व्हिडिओची गरजच नाही. दर दहा मिनिटांनी दोनशे केबीचा एक फोटो पाठवला तर दिवसाला तीस एमबीसुद्धा लागत नाहीत, आणि पावसात आमच्याकडे मोबाइलचं जे काही नेटवर्क उरतं त्यातून तेवढं जातं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला रात्री तीन वाजता पाणी कुठवर आलंय ते अलिबागेत बसून दिसेल. माझ्या मते एवढ्या कमी पैशांत एवढं काम करणारा दुसरा कॅमेरा नाही.

आरोग्य केंद्राचं दोन ओळींत लिहितो. जखम किंवा त्वचेवरचा चट्टा लांबच्या डॉक्टरांना दाखवायचा, तर भिंतीवरचा सीसीटीव्ही उपयोगाचा नाही. त्याचा फोकस लांबचा असतो. वीतभर अंतरावरचं सगळं धूसर येतं. तिथे ऑटोफोकस असलेला चांगला मोबाइल आणि पांढरा दिवा द्या.

आणखी एक सावधगिरी. बाजारातल्या काही कॅमेऱ्यांच्या खोक्यावरचा आकडा सेन्सरचा नसतो. लहान चित्र सॉफ्टवेअरने ताणून मोठं केलेलं असतं. तेव्हा निविदेत ‘सेन्सरचं मूळ रिझोल्युशन’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

शेवटची विनंती बिलाबद्दल आहे. बिल मंजूर होण्याआधी प्रत्येक ठिकाणी एक परीक्षा घ्यायला लावा. पावसाळ्यातली रात्र, नऊची वेळ. ठरलेल्या जागेवरून एक मोटारसायकल ताशी ४० ने जाऊ द्या, एक माणूस फाटकातून चालत येऊ द्या. दुसऱ्या दिवशी ज्याने ते पाहिलेलं नाही अशा कोणाला तरी फुटेज दाखवा. त्याला नंबर वाचता आला, चेहरा फोटोशी जुळवता आला, तर पैसे द्या. नाही तर लेन्स बदलून पुन्हा परीक्षा. कळंबमध्ये ही परीक्षा घ्यायची ठरली, तर मोटारसायकल माझी, पेट्रोल माझं, आणि रात्री भिजायला मी येईन.

आपला नम्र,
कळंबचा एक कॅमेरा बसवणारा