जुन्या गाडीतली वीज रुसते तेव्हा

गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय होता, गाडीतला फ्रिज. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत आम्ही बरीच वर्षे राहतो, सासर कोल्हापूरचे. ह्यांनी हौसेने एक जुनी डिझेल व्हॅन घेतली, मागची आसने काढून दोन झोपण्याचे बाक, एक छोटा ओटा, पंखा आणि बारा व्होल्टवर चालणारा लहानसा फ्रिज बसवून घेतला. (असे बदल करण्याआधी आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी, नाहीतर अपघातानंतर विम्याच्या वेळी अडचण येते.)

हा फ्रिज काही चैनीसाठी नव्हता. सासूबाई इन्शुलिन घेतात. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. चालू बाटली बाहेर ठेवली तरी साधारण चार आठवडे टिकते, पण उन्हात तापलेल्या गाडीत नव्हे. कोल्हापूर सहाशे किलोमीटर, पुढे महिनाभराचा मुक्काम. म्हणजे महिन्याचा सगळा साठा त्या फ्रिजच्या भरवशावर.

आणि नेमका तोच मध्यरात्री बंद पडू लागला. संध्याकाळी चालू, पहाटे कोमट.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरीकडे नुसते बघितले आणि म्हणाला, "बॅटरी गेली, ताई." नवी बसवली. तीन रात्रींनी पुन्हा तेच. दुसऱ्याने फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर बोट ठेवले आणि जो आकडा सांगितला तो ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यापेक्षा मी बसने जाते, थर्मासमध्ये बर्फ घालून." केऑनिक्सने १९७८ साली खास इलेक्ट्रॉनिक्ससाठी वसवलेल्या वसाहतीत आम्ही राहतो. आमच्या इमारतीत दर तिसऱ्या घरात इंजिनिअर. पण गाडीच्या वायरिंगला हात लावायला कुणी तयार नाही, ह्यांच्यासकट.

शेवटी मी एस. पी. रोडवरून काहीशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. वाचकहो, जुनी गाडी दारात असेल तर ही वस्तू घरात हवीच. ती वापरायला पदवी लागत नाही. डायल 'डीसी व्होल्ट'च्या २० वर ठेवायची, लाल टोक अधिकवर, काळे उण्यावर, आणि आकडा वाचायचा.

चांगली भरलेली बॅटरी, गाडी काही तास उभी असताना, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. चढला नाही तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहायचा, बॅटरीला दोष द्यायचा नाही. आमची बॅटरी दोन्ही वेळा पास झाली. नवी घेतली ती विनाकारणच, हे तेव्हाच कळले.

आता खरी परीक्षा. वीज वाहत असताना मोजल्याशिवाय ती वाटेत कुठे हरवते ते कळत नाही. फ्रिज चालू ठेवून बॅटरीवर मोजले, १२.४. फ्रिजच्या पाठीमागे, जिथे वायरी जोडल्या आहेत तिथे मोजले, १०.८. मधल्या वाटेत १.६ व्होल्ट गायब! फ्रिजची बिचाऱ्याची काय चूक? व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की बॅटरी वाचवण्यासाठी तो स्वतःच बंद होतो. रात्री बॅटरी थोडी उतरली की ही पातळी ओलांडली जात होती.

गळती कुठल्या बाजूला ते शोधायला मीटरचे एक टोक बॅटरीच्या अधिक खुंटीवर आणि दुसरे फ्रिजच्या अधिक वायरीवर ठेवले. मीटरची टोके पुरत नव्हती म्हणून मध्ये एक लांब वायर जोडली. आकडा आला ०.२. ठीक. मग दोन्ही टोके उण्या बाजूला. आकडा १.४. चोर सापडला.

मोटारीत उण्या बाजूची वायर बॅटरीपर्यंत परत नेत नाहीत, जवळच्या पत्र्याला जोडतात. सगळी बॉडीच परतीची वाट होते. यालाच मेकॅनिक 'बॉडी अर्थ' म्हणतात. आमच्या फ्रिजची ही वायर मागच्या चाकाजवळच्या एका बोल्टला जोडली होती, तीही रंगावरूनच. वर तीन पावसाळ्यांचा गंज. बोटाने चाचपले तर बोल्ट चक्क गरम. चार अँपिअर वाहताना तिथे पाच-सहा वॅट वीज नुसती उष्णता होऊन जात होती.

इलाज अर्ध्या तासाचा. आधी बॅटरीची उणी वायर काढली. (सुटी करताना उणी आधी, जोडताना शेवटी. पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.) बोल्ट काढून, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. पुन्हा मोजले, उण्या बाजूला ०.१. खर्च? वॉशरचा.

मॅटाडोर असो, २०१९ साली उत्पादन थांबलेली ऑम्नी असो की जुनी ट्रॅव्हलर, वय झालेल्या गाडीत निम्म्याहून जास्त विजेच्या तक्रारी अशा सांध्यांतच असतात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो? मागच्या दिव्यांची अर्थ पाहा. हॉर्न वाजवला की दिवे मंद होतात? बॅटरीच्या खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुऊन काढा. फक्त ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की स्टार्टच होत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. आमच्याकडे तीही होती. सगळे बंद करून, बॅटरीची उणी वायर सोडवून मीटर त्या वाटेत जोडायचा, अँपिअरवर, आणि लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटर कामातून गेला. काही शतांश अँपिअर ठीक, घड्याळ आणि रेडिओची स्मृती तेवढे खाणारच. आमचा आकडा ०.४, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास. मग एकेक फ्यूज काढत गेले. चौथा काढला आणि आकडा पडला. त्या फ्यूजवर सामानाच्या कप्प्यातला दिवा होता. दार लावले तरी त्याचे बटण दबत नव्हते, आणि दार लावल्यावर आत दिवा जळतो की नाही हे बघणार कोण?

फ्यूज काढताना मात्र अंगावर काटा आला. १० अँपिअरच्या जागी ३० चा बसवलेला, आणि एका जागी तर फ्यूजऐवजी तांब्याच्या तारेचा पीळ. कुणीतरी 'सारखा उडतोय' म्हणून केलेला तोडगा. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बारीक वायरीतून ३० अँपिअर गेले तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेटेल. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण शॉर्ट झालेली बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओकते. आणि त्या वायरी गेल्या होत्या मुलांच्या गादीखालून. हे पाहून 'हे' काही बोलले नाहीत. गुपचूप जे. सी. रोडला जाऊन योग्य फ्यूजचा डबा आणि झोपण्याच्या जागी लावायला छोटे अग्निशामक नळकांडे घेऊन आले. साध्या अॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून बाकाखालच्या बॅटरीला बाहेर उघडणारी नळीही त्यांनीच बसवली.

धनत्रयोदशीच्या आदल्या पहाटे निघालो. चित्रदुर्गला चहाला थांबलो तेव्हा फ्रिजमधला थर्मामीटर ५ अंशांवर होता. हुबळीला ५. बेळगाव सोडल्यावर सासूबाई मागून म्हणाल्या, "सूनबाई, ते मीटर जरा इकडे दे गं. माझा हा पंखा मघापासून हळू का फिरतोय?"

तोही बोल्टच निघाला.